मन चिंती ते वैरी न चिंती

आमची मुलगी २०१० साली जन्मली, तेव्हा आम्ही कॅरीत तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. एका संध्याकाळी तिला कुशीत घेऊन बाल्कनीत उभा होतो आणि एकदम मनात आलं, 'हिला खाली टाकलं तर?' अंगावर काटा आला. पुढे कित्येक दिवस मी बाल्कनीचं दारच उघडलं नाही. बाप असून असा विचार! शेवटी बाळंतपणासाठी आलेल्या आईला चाचरत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, मन चिंती ते वैरी न चिंती. सगळ्यांनाच येतात असे विचार."

पण मंडळी, न बोलावता आलेल्या विचाराचं पाप आपल्या माथी येतं का?

पुढे कुतूहलाने वाचत गेलो. १९७८ साली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी चारचौघांसारख्या निरोगी माणसांना याबद्दल विचारलं. सुमारे ८० टक्के लोकांनी असे नकोसे विचार येतात अशी कबुली दिली. म्हणजे आईचंच म्हणणं!

मग आजार कुठे सुरू होतो? आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, त्या ओसीडीसाठी १९८९ पासून येल-ब्राऊन मोजपट्टी वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ४०. विचारांत वेळ किती जातो, त्रास किती होतो, कामं किती अडतात, हे त्यात मोजतात. विचार किती वाईट आहे, याला गुणच नाहीत! दुसरी एक ४४ विधानांची प्रश्नावली माणसाच्या समजुती तपासते: सगळी जबाबदारी माझीच, सगळं बिनचूकच हवं, मनातल्या प्रत्येक विचाराला अर्थ असतोच.

ही शेवटची समजूत आपल्या ओळखीची आहे. मन शुद्ध हवं, हा आपल्यावरचा संस्कार. तो चुकीचा नाही; कुणाबद्दलचा आकस आपण वर्षानुवर्षं जोपासतो, तेव्हा जबाबदारी आपलीच. पण दारावरून गेलेला वाटसरू आणि घरात ठेवून घेतलेला पाहुणा यांत फरक आहे. उलट, ज्या विचाराने आपण हादरतो, तो आपल्या मूल्यांच्या विरुद्ध असतो म्हणूनच हादरतो.

ज्यांचे तासन् तास अशा विचारांत जातात, त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावं. उपचार आहेत.

मुलगी आता गाडी शिकते आहे. शेजारच्या सीटवर बसून माझं मन काय काय चिंततं, ते विचारू नका! पण किल्ली मीच तिच्या हातात देतो.