बी त्यांचे, जमीन आपली



गुन्हेगारी टोळ्यांचा विषय रविवारच्या या पानावर कशाला, असे काहींच्या मनात येईल. टोळ्यांचे काय करायचे ते पोलीस आणि न्यायालये पाहून घेतील. आपण प्रार्थना करावी, आपला संसार सांभाळावा. पण या विषयावर विद्यापीठांतून जो अभ्यास झाला आहे, तो वाचल्यावर आम्हांला वाटते की हा प्रश्न जितका पोलीस ठाण्याचा आहे, तितकाच चर्चचाही आहे.

देशोदेशी पसरणाऱ्या टोळ्यांविषयी आपली समजूत साधी असते. वाईट माणसे एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि तेथे वाईटपणा पेरतात. फेदेरिको वारेसे या इटालियन अभ्यासकाने २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही समजूत तपासून पाहिली. मॉस्कोच्या एकाच टोळीने रोममध्येही बस्तान बसवण्याचा प्रयत्न केला आणि बुडापेस्टमध्येही. रोममध्ये ती रुजली नाही, बुडापेस्टमध्ये रुजली. हंगेरीत कम्युनिस्ट राजवट नुकतीच संपली होती. खासगी मालमत्ता आली होती, पण तिचे तंटे सोडवणारी यंत्रणा अजून नीट उभी राहिली नव्हती. खुद्द इटलीतही तेच दिसले. दक्षिणेकडील कालाब्रियाची टोळी उत्तरेच्या बार्दोनेकिया गावात रुजली, कारण तेथे बांधकामांना ऊत आला होता. ठेकेदारांना बेकायदा मजूर हवे होते आणि प्रतिस्पर्धी दूर ठेवणारा कोणीतरी हवा होता. व्हेरोना शहरातही दक्षिणेतील तशीच माणसे आली, पण तेथे त्यांची गरज कोणाला भासली नाही.

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. चांगल्या बियाण्याला जशी जमीन लागते, तशी वाईट बियाण्यालाही लागते, एवढेच हे संशोधन सांगते.

ही जमीन कशाची बनलेली असते? दिएगो गाम्बेत्ता यांनी १९९३ साली सिसिलीच्या माफियाविषयी लिहिले, की माफियाचा मूळ धंदा आहे संरक्षण विकण्याचा. जेथे माणसांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि न्यायालयावरही नाही, तेथे ‘मी बघून घेतो’ म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. हे आपल्याला अगदीच परके नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पैशांचे आणि जागांचे तंटे ‘भाई’कडे नेले जात, कारण कोर्टात वर्षे जात. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध ‘मोक्का’ कायदा केला. पण भाडेकरूला घराबाहेर काढण्यासाठी ज्याने आपणहून भाईचे दार ठोठावले, त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीचे काय?

येथे एक फरक केला पाहिजे. भीतीपोटी खंडणी देणारा आणि फायद्यासाठी टोळीला बोलावणारा यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. संत थॉमस अॅक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलचे एक उदाहरण घेतले आहे. वादळात सापडलेला व्यापारी आपला माल समुद्रात फेकतो. एरवी त्याने तो फेकला नसता, म्हणून ती कृती काही अंशी इच्छेविरुद्ध आहे. तरीही त्या क्षणी फेकण्याचा निर्णय त्याचाच असतो. भीतीने दोष हलका होतो, पण निर्णय आपला राहतोच. फायद्यासाठी दार ठोठावणाऱ्याच्या मागे मात्र कोणतेच वादळ नसते.

मग भ्यालेल्या माणसाला आपण ‘धीट हो’ एवढेच सांगायचे काय? लिबेरो ग्रासी हे पालेर्मोचे कापड उद्योजक. जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून खंडणी देण्यास नकार दिला. इतर कारखानदार त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. २९ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांची हत्या झाली. गोळ्या माफियाने झाडल्या. पण त्यांना एकटे पाडले ते रोज चर्चपुढून जाणाऱ्या, भल्या म्हणवणाऱ्या माणसांनी. आमच्या मते या विषयातील मोठा प्रश्न हाच आहे. एकट्याकडून हौतात्म्याची अपेक्षा करायची आणि बाकीच्यांनी खिडक्या लावून घ्यायच्या, याला ख्रिस्ती धैर्य म्हणता येणार नाही.

त्याच पालेर्मोत फादर पिनो पुलिसी ब्रांकाच्चो वस्तीचे धर्मगुरू होते. सणासाठी माफियाची देणगी त्यांनी नाकारली. मुले टोळीच्या हाती लागू नयेत म्हणून १९९३ साली केंद्र उघडले आणि त्याला ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे नाव दिले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, त्यांच्या ५६व्या वाढदिवशी, घराच्या दाराशी त्यांना गोळी घालण्यात आली. मारणाऱ्याने पुढे सांगितले, की फादर त्याच्याकडे पाहून हसले होते. २०१३ साली ख्रिस्तसभेने त्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित केले. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी कालाब्रियात स्पष्ट सांगितले, की माफियाच्या मार्गाने जाणारे ख्रिस्तसभेच्या सहभागितेत नाहीत.

पुढे २००४ साली पालेर्मोच्या काही तरुणांनी रातोरात शहरभर कागद चिकटवून खंडणीविरुद्ध आवाज उठवला. त्यातून चळवळ उभी राहिली. खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी झाली आणि गिऱ्हाइकांनी ठरवले, की खरेदी तेथेच करायची. दुकानदाराने नकार द्यायचा आणि गावाने त्याच्या दुकानात जायचे. ग्रासींना जे मिळाले नाही, ते या दुकानदारांना मिळाले.

आपल्या धर्मग्रामात माफिया नाही, देवाची कृपा. पण जमीन कशी आहे, हे प्रत्येकाने तपासावे. भावाभावांतला वाटणीचा तंटा सोडवायला आपण कोणाला बोलावतो? सणाच्या देणगीचा पैसा कोठून आला, हे आपण विचारतो का? एखाद्याने अन्यायाला नकार दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात आपल्यापैकी किती जण उभे असतात?

फादर पुलिसींनी ज्या प्रार्थनेचे नाव आपल्या केंद्राला दिले, ती आपण आजच्या मिस्सातही म्हणणार आहोत. वाइटापासून सुटका आपण तीत एकट्यासाठी मागत नाही, सर्वांसाठी मागतो. तेव्हा ती म्हणताना शेजारच्या बाकावरील माणसाचीही आठवण ठेवू या.

प्रभू येशू आपणां सर्वांना एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याचे बळ देवो.