उचल सोडून देण्याची विद्या

विमान उतरण्याआधी वळण घेते तेव्हा पंखाच्या थोडे मागे बसलेल्या प्रवाशाने खिडकीतून जरूर पाहावे. ज्या बाजूला वळायचे त्या पंखाच्या पाठीवरच्या काही पट्ट्या किंचित उभ्या राहतात आणि थोड्या वेळाने पुन्हा चपखल बसतात. हे स्पॉयलर. पंखावरून सुरळीत वाहणारी हवा ते विस्कटतात, तेवढ्या भागाची उचल घटते, पंख खाली जातो आणि विमान त्या कुशीवर झुकते. मिळवलेली उचल आपल्याच हाताने नासवायची आणि त्यातून ताबा मिळवायचा, हा विचार मला उड्डाणशास्त्रातल्या फार धाडसी विचारांपैकी एक वाटतो. कारण या शास्त्राचा जन्मच मुळी उचल मिळवण्याच्या ध्यासातून झाला.

राइट बंधू पंख पिळून तोल सांभाळत. पीळ दिला की एका बाजूची उचल वाढे, दुसऱ्या बाजूची घटे. पण १९०१ च्या ग्लायडरवर एक अडचण जाणवू लागली. ज्या पंखाची उचल वाढते, त्याला हवेचा अवरोधही जास्त होतो. तो पंख मागे रेंगाळतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जाऊ पाहते. १९०२ मध्ये हलते सुकाणू जोडून त्यांनी हे आवरले. पुढे पिळाची जागा पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या एलेरॉनने घेतली. त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टनने १८६८ मध्येच घेतलेले होते. साधन बदलले, तरी उलट्या नाकाचा दोष राहिलाच.

स्पॉयलरमध्ये हा दोष जवळपास नाहीसा होतो. बैलगाडी वळवताना गाडीवान आतल्या बैलाचा कासरा ओढून धरतो, तसा इथे अवरोध वळणाच्या आतल्या बाजूला वाढतो आणि नाक हवे तिकडेच जाते. इतका सरळ फायदा असूनही ही कल्पना लगेच रुजली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत नाका या संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेत तिच्यावर प्रयोग झाले, तेव्हा स्पॉयलर पंखाच्या पुढच्या भागात असला तर विमान हुकूम उशिरा मानते, असे आढळले. जमिनीजवळ उडणाऱ्या वैमानिकाला एवढा उशीरही परवडत नाही. स्पॉयलर मागे सरकवत नेला तशी ही दिरंगाई कमी झाली.

त्याला खरी निकड मिळाली ती वेगाने. विमाने वेगवान झाली, तसे त्यांना हळू उतरवण्यासाठी मोठे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरून उचल वाढवणारे भाग, लागू लागले, आणि तिथली जागा तर एलेरॉनने अडवलेली. १९४२ मध्ये उडालेल्या नॉर्थ्रॉपच्या पी-६१ मध्ये एलेरॉन अगदी लहान केले आणि कूस बदलण्याचे मुख्य काम स्पॉयलरकडे गेले.

मग जेट आले, आणि इथे इतिहास मला विलक्षण वाटतो. १९४७ मध्ये उडालेल्या बोइंग बी-४७ चे पंख लांब, पातळ, मागे झुकलेले आणि लवचिक होते. भरवेगात एलेरॉन खाली केला की मागच्या कडेवरच्या जोराने सारा पंखच पिळला जाई, त्याची पुढची कड खाली झुके आणि वाढायची ती उचल घटे. ठरावीक वेगानंतर परिणाम उलटाच होऊ लागे. ज्या पिळावर राइट बंधूंचा ताबा उभा होता, तोच पीळ आता न सांगता येऊन ताबा हिरावून घेत होता. स्पॉयलरचा भार पंखाच्या मधल्या भागाजवळ पडतो, त्यामुळे पंख एवढा पिळला जात नाही. बोइंगच्याच बी-५२जी मध्ये तर एलेरॉन पूर्ण काढून टाकले.

प्रवासी विमानांनी एवढी टोकाची वाट धरली नाही, आणि ते योग्यच झाले. उचल घालवण्याची किंमत असतेच; बारीकसारीक दुरुस्तीसाठी ती रोज का मोजायची? बोइंग ७३७ मध्ये वैमानिकाने हातातले चाक थोडे फिरवले तर एलेरॉनच हलतात, जास्त फिरवले की स्पॉयलर मदतीला येतात. एअरबस ए३२० च्या प्रत्येक पंखावर पाच स्पॉयलर आहेत. त्यांतले चार कूस बदलायला लागतात, आणि चाके टेकल्यावर पाचही उभे राहून विमानाचा भार चाकांवर आणतात, म्हणजे ब्रेक नीट लागतात. हीच ताकद चुकीच्या क्षणी जीवघेणी ठरते. ५ जुलै १९७० रोजी टोरंटोत एअर कॅनडाचे डीसी-८ उतरत असताना स्पॉयलर हवेतच उघडले गेले. त्या विमानातले सगळे १०९ जण गेले.

अलीकडच्या बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये फ्लॅप खाली उतरतात तेव्हा स्पॉयलरही त्यांच्या मागोमाग किंचित खाली झुकतात, मधली फट नेमकी राखतात आणि उचल वाढवायला हातभार लावतात. वळायची वेळ आली की त्याच पट्ट्या पुन्हा वर उठतात.