दुसऱ्याच्या भुकेतून मिळालेले ज्ञान

छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगतो. पाणी मात्र हवे तितके प्यावे, कारण प्राण जलमय आहे. सोळाव्या दिवशी पिता पुत्राला वेद म्हणावयास सांगतो आणि बारा वर्षे गुरुगृही राहून आलेल्या त्या बुद्धिमान तरुणास काहीच आठवत नाही. मग पिता म्हणतो, जेवून ये. जेवण होताच विसरलेले सर्व परत येते. मन हे अन्नमय आहे, हा सिद्धांत पुत्रास अशा रीतीने पटला. आमच्या भाष्यकारांनी या कथेतून तत्त्वज्ञान पुष्कळ काढले. पण ती कथा म्हणजे एक शास्त्रीय प्रयोग आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आधी प्रमेय, मग अन्नाचा निरोध, मग स्मृतीची परीक्षा, मग अन्न देऊन फेरपरीक्षा. आजच्या एखाद्या प्रयोगशाळेस यात फारशी दुरुस्ती सुचवावी लागणार नाही. एक प्रश्न मात्र आम्हांस वारंवार पडतो. सिद्धांत उद्दालकाचा होता. उपाशी श्वेतकेतू राहिला. हा क्रम उलटा का नव्हता?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो तसा नाही. अन्न, शरीर आणि मन यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्रात ज्ञान मिळविण्याची एक मुख्य रीत म्हणजे काहीतरी काढून घेणे. एखादे द्रव्य आहारातून वगळावयाचे आणि काय बिघडते ते पाहावयाचे. आता कोणाच्या ताटातून वगळावयाचे, हा प्रश्न शास्त्राचा नसून नीतीचा आहे. आणि शास्त्र कितीही पुढे गेले तरी तो प्रश्न त्याच्या वाटेतून हटत नाही. पेलाग्रा नावाच्या रोगाचा इतिहास या बाबतीत इतका बोलका आहे की तो जरा विस्ताराने सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

हा रोग प्रथम वर्णिला तो स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातील गास्पर कसाल या वैद्याने, १७३५ साली. नाव मात्र इटालियन शेतकऱ्यांच्या बोलीतले. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. वसंत ऋतूत ऊन वाढले की हातांच्या पाठी, पावले, मान आणि चेहरा यांवर आधी तांबूस आणि मग काळपट चट्टे उठतात. हातांवरची सीमा तर मोजे घातल्यासारखी रेखीव. पुढे तोंड येते, अतिसार लागतो. आणि मग पाळी येते मनाची. झोप जाते, खिन्नता येते, भास होऊ लागतात, शेवटी वेड आणि मृत्यू. युरोपातील वेड्यांची इस्पितळे असल्या रोग्यांनी कित्येक वर्षे भरलेली होती. जेथे गरीब माणसे मक्यावर जगत, तेथे हा रोग हमखास असे. मका मूळचा अमेरिका खंडातला. तेथील मूळ रहिवाशांत मात्र हा रोग असा पसरलेला नव्हता. त्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटीत. त्यामुळे दाण्यात बद्ध होऊन बसलेले जीवनसत्त्व मोकळे होते, हे रसायनशास्त्रास कळावयास शतके लागली. युरोपियनांनी बी नेले, रीत नेली नाही. स्वयंपाकघरातील बायकांच्या ज्ञानास ज्ञान न समजण्याची किंमत इतकी मोठी कोणी दिली असेल असे आम्हांस वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत वणव्यासारखा पसरला. कापसाच्या मळ्यांतील कुळे आणि गिरण्यांच्या वसाहतींतील मजूर यांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. तथापि तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. हाही रोग सांसर्गिकच असला पाहिजे, असा डॉक्टरांचा पक्का समज होता. १९१४ साली सरकारी आरोग्यखात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यास तपासाकरिता पाठविले. हा हंगेरीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेस आलेला एक ज्यू. वेड्यांची इस्पितळे आणि अनाथालये पाहताना त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. रोगी आजारी पडतात. त्यांच्यात रात्रंदिवस वावरणारे नोकर आणि परिचारिका पडत नाहीत. जंतू असा पगार पाहून शिरत नसतो. मग फरक तो ताटाचाच.

त्याने मिसिसिपी संस्थानातील जॅक्सन येथील दोन अनाथालयांतील मुलांना सरकारी खर्चाने दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये देण्याची व्यवस्था केली. पुढच्या वसंतात रोग जवळजवळ नाहीसा झाला. हा प्रयोग आम्हांस फार सुंदर वाटतो, कारण यात सिद्ध करण्याची रीत देण्याची होती, काढून घेण्याची नव्हती. प्रमेय चुकीचे निघाले असते तरी मुलांच्या पोटात दूध गेले असते, एवढेच.

पण तेवढ्याने विरोधकांचे समाधान होईना. आहाराने रोग हटला, म्हणून आहाराच्या उणिवेने तो होतो हे कशावरून? तर्क म्हणून आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. म्हणून १९१५ साली गोल्डबर्गरने रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर दुसरा प्रयोग मांडला. गव्हर्नर अर्ल ब्रूअर याने बारा कैद्यांना वचन दिले की प्रयोग पार पाडाल तर शिक्षा माफ. त्यांत खुनाबद्दल जन्मठेप भोगणारेही होते. एकास दुसऱ्याच आजारामुळे वगळावे लागले, उरले अकरा. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यांना मैद्याची बिस्किटे, मक्याची लापशी आणि भाकरी, भात, रताळी, थोडी भाजी, काकवी, साखर घातलेली कॉफी एवढेच मिळे. पोट भरत होते. उपासमार म्हणता येईल असे काही नव्हते. सप्टेंबरात चट्टे दिसू लागले. शेवटी अकरांपैकी सहांस पेलाग्रा झाला असा निर्णय झाला. त्याच शेतावरच्या, नेहमीचे अन्न खाणाऱ्या इतर कैद्यांत तो नव्हता. वचनाप्रमाणे माफी मिळाली, आणि ते लोक निघून गेले.

या प्रयोगाचे समर्थन नेहमी असे केले जाते की कैद्यांनी संमती दिली होती. आम्हांस ती संमती पुरेशी वाटत नाही. आणि त्याचे कारण आहार हे नसून माफी हे आहे. शिक्षा न्याय्य असेल तर ती माफ करणे हा राज्याच्या अधिकारातला सौदा नव्हे. गुन्ह्याचे माप आणि मक्याच्या लापशीचे माप यांचा संबंध काय? आणि ती शिक्षा अन्याय्य किंवा अतिरिक्त असेल, तर स्वातंत्र्य त्या माणसाला देणेच होते. देणे असलेली वस्तू पुन्हा किंमत घेऊन विकणे याला सज्जनांच्या व्यवहारात काय म्हणतात ते सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्यापुढे एका बाजूस जन्मभराचा कोंडवाडा आणि दुसऱ्या बाजूस सहा महिन्यांची लापशी ठेवली, त्याने लापशी निवडली, तर त्यास इच्छा म्हणावे की अगतिकता?

यावर एक उत्तर आहे आणि ते दुबळे नाही. त्या अकरांनी जे सहा महिने खाल्ले, ते लाखो निरपराध मजूर जन्मभर खात होते, आणि त्यांना कोणी माफी देऊ केली नव्हती. मग अकरांबद्दलच एवढा कळवळा का? या उत्तरापुढे आम्ही थबकतो हे खरे. परंतु विचार करता असे दिसते की ते प्रयोगाला दोषमुक्त करीत नाही, समाजाला दोषी ठरविते. प्रयोग आधीच चालला होता, फुकट आणि अफाट प्रमाणावर. उणीव होती ती पाहणाऱ्याची. गोल्डबर्गरने पुढे तेही केले. १९१६ पासून अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर याच्या साहाय्याने त्याने साउथ कॅरोलिनातील गिरणीवसाहतींत घरोघर जाऊन पंधरवड्याचे वाणसामान टिपले आणि कमाई जितकी कमी तितका रोग अधिक, हे आकड्यांनी दाखविले. त्यात कोणाचा घास हिरावून घ्यावा लागला नाही.

रँकिननंतरही विरोधक गप्प बसले नाहीत. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्याची पत्नी मेरी आणि काही सहकारी यांनी रोग्यांचे रक्त स्वतःस टोचून घेतले. रोग्यांच्या कातडीचे पोपडे आणि मलमूत्र पिठात कालवून त्याच्या गोळ्या पुरुषमंडळींनी गिळल्या. एकासही पेलाग्रा झाला नाही. वाचताना अंगावर शहारा येतो, आणि आदरही वाटतो. तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. गोल्डबर्गरला रोग सांसर्गिक नाही याची खात्री होती. म्हणजे त्याच्या मते त्यात किळस होती, पेलाग्राचा धोका नव्हता. उलट, लापशीने रोग होतो हीच त्याची खात्री होती, आणि ती लापशी त्याने कैद्यांच्या पुढे ठेवली. याचा अर्थ तो भित्रा होता असा मुळीच नाही. साथींच्या कामात त्याने स्वतः पीतज्वरासारखे रोग अंगावर काढले होते. पण स्वतःवर प्रयोग केला की दुसऱ्यावर करण्याचा परवाना मिळतो, असे जे पुष्कळ लोक सहज बोलून जातात, ते आम्हांस मान्य नाही. आपल्या देहावरचा हक्क आपल्या देहापुरता.

अनाथालयांची गोष्ट मात्र तेथेच संपली नाही. १९१६ च्या सप्टेंबरात एका अनाथालयातील सरकारी मदत थांबली आणि संस्था आपल्या जुन्या अन्नावर गेली. वर्षाच्या आत पुष्कळ मुलांच्या हातांवर पुन्हा ते चट्टे. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा आता अभेद्य झाला. दिले तेव्हा रोग गेला, थांबविले तेव्हा आला. त्यानंतर चांगला आहार पुन्हा सुरू झाला. कैद्यांच्या संमतीची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. या मुलांच्या संमतीची होत नाही, कारण ती कोणी मागितलीच नव्हती. माफी देण्यासारखा त्यांचा काही गुन्हाही नव्हता. आमच्या मते या साऱ्या इतिहासात अधिक टोचणारी बाब हीच होय.

पुष्कळांच्या कल्याणाकरिता थोड्यांनी सोसावे, हा हिशेब घडीभर मान्य केला तरी जमेची बाजू तपासली पाहिजे. कारण १९१५ सालीच कळले होते. पण वळले नाही. १९२० च्या सुमारास कापसाचा भाव कोसळला, तेव्हा गोल्डबर्गरने रोग वाढेल असा इशारा दिला. दक्षिणेतील पुढाऱ्यांना तो आपल्या प्रांताची बदनामी वाटला. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. बियर गाळताना उरणारे यीस्ट हा स्वस्त आणि रामबाण उपाय गोल्डबर्गरला तोवर सापडलेला होता, आणि ते तेथे वाटण्यात आले. तरीही त्या दशकाच्या अखेरीस मृत्यूंचा आकडा शिगेस पोचला. १९२९ साली गोल्डबर्गर वारला. दूध आणि डाळ हे औषध आहे हे ठाऊक होते. ते विकत घेण्याची ऐपत लोकांना नव्हती आणि ती देण्याची इच्छा कोणास नव्हती. कैद्यांच्या कातडीवर जे लिहून मिळाले, ते एक पिढीभर कोणी वाचले नाही. मग त्यांच्या सोसण्याचे पुण्य नेमके कोणाच्या खात्यात मांडावे?

१९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्वेजेम याने कुत्र्यांतील काळी जीभ नावाच्या तशाच रोगावर निकोटिनिक आम्ल गुणकारी असल्याचे दाखविले. हे द्रव्य एकोणिसाव्या शतकापासून रसायनशाळांच्या फळ्यांवर ठेवलेले होते! माणसांवर ते दिल्याबरोबर जो चमत्कार दिसला, तो कातडीपेक्षा मनाचा होता. ज्यांना आपली मुले ओळखता येत नव्हती, ज्यांना बांधून ठेवावे लागे, असे रोगी काही दिवसांत शुद्धीवर आले. आज आपणांस ठाऊक आहे की या जीवनसत्त्वापासून बनणारे द्रव्य पेशींतील शक्ती निर्माण करण्याच्या क्रियेत सर्वत्र लागते, आणि मेंदू हा शक्तीचा मोठा उधळ्या असल्यामुळे उणीव त्यास लवकर जाणवते. १९४५ साली असेही कळले की प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर हे जीवनसत्त्व काही अंशी स्वतःच बनविते. दुधात ते जीवनसत्त्व थोडे असूनही दूध रोग का हटविते, याचा उलगडा त्यामुळे झाला.

आम्ही येथे थोडे थांबतो. दक्षिणेतील त्या गरिबांना त्यांचे सुशिक्षित शेजारी आळशी, मंद, चिडखोर, बेजबाबदार म्हणत. धर्मोपदेशक त्यांना उद्योगाचा उपदेश करीत. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, ज्यावर आपण माणसाची किंमत ठरवितो, त्यातला केवढा भाग ताटावर अवलंबून असतो! सगळाच असतो असे आम्ही म्हणत नाही. पोटभर खाणारेही आळशी असतात, हे कोणत्याही कचेरीत पाहावे. पण निंदा करण्यापूर्वी ज्याची निंदा करावयाची त्याच्या घरचा डबा उघडून पाहणे, एवढे कर्तव्य आम्हांस अटळ वाटते.

आणि हे फक्त मिसिसिपीचे नाही. दक्षिणेच्या पठारावर, हैदराबादच्या आसपास, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत पेलाग्रा असल्याचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले. १९६० साली त्यांनी असे मत मांडले की ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसिन नावाचा घटक फार असल्यामुळे ट्रिप्टोफॅनचा उपयोग बिघडतो. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी भाकरी रोज होते त्यांनी भिऊ नये. भाकरीबरोबर पिठले, आमटी, ताक, मूठभर शेंगदाणे असतात तोवर भय नाही. भय आहे ते भाकरीबरोबर तिखटमीठच असते तेथे. तेथला माणूस हे मासिक वाचीत नाही.

१९४७ च्या न्यूरेंबर्गच्या निकालानंतर माणसांवरील प्रयोगांचे नियम झाले. अमेरिकेत कैद्यांवरील प्रयोगांस १९७८ साली कडक मर्यादा घालण्यात आल्या. आपल्याकडेही नीतिसमित्या आल्या. रँकिनसारखा प्रयोग आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु समितीपुढे अर्ज येतो तो शास्त्रज्ञाचा. ज्या कमाईत डाळ येत नाही ती कमाई ठरविणाऱ्यास कोणत्याही समितीपुढे अर्ज करावा लागत नाही. आणि त्याच्या प्रयोगात किती माणसे आहेत, तो कोणत्या महिन्यात संपणार, आणि संपल्यावर त्यांना काय मिळणार, हे त्याला कोणी विचारीतही नाही.