कल्याणमित्राच्या दारी



बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी १७ वी दारू न पिण्याची. ती मोडणारा घरात असला, तरी त्याला वाळीत टाकू नका; बहिष्काराचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. कल्याणमित्रता म्हणजे अर्धा नव्हे, सगळाच धम्ममार्ग, असे तथागतांनी आनंदाला समजावले.

असे मित्र अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत भेटतात. तेथे फी नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा पुरे. साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्रात, सांगलीत सिव्हिल हॉस्पिटलात जवळच्या गटाची चौकशी करा. देवाचा उल्लेख कानी पडला तर बिचकू नका. कोणत्याही धर्माची अट नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या दिवशी त्याच्यासोबत दारापर्यंत तुम्ही जा. तेही शीलपालनच आहे.

जय भीम!