सुरतेचे नाव आणि वहिवाट

एखाद्या नावाची व्युत्पत्ती खोटी ठरली म्हणजे त्यामागची श्रद्धाही खोटी ठरते काय, हा प्रश्न सुरतेइतका अन्य कोणत्या नगराने मला घातला नाही. सूर्यकन्या तापीच्या तीरी, जिथे सूर्यपुत्र अश्विनीकुमारांच्या नावाचा स्मशानघाट आजही आहे, तिथे वसले ते ‘सूर्यपूर’, असे भाविक सुरतकर सांगतो. आणि दंतकथा तर याही पुढे जाऊन म्हणते की, ज्याच्या नावाने गोपीपुरा आणि गोपी तळाव ओळखले जातात त्या मलिक गोपीने ‘सूरज’ हे नाव योजले असता, सुलतानाने एका अक्षराचा फेर करून कुराणाच्या अध्यायाला म्हणतात ते ‘सूरत’ हे नाव कायम केले.

फारसी दफ्तराची साक्ष काढावी, तर रूप या अर्थाची ‘सूरत’ ‘स्वाद’ या अक्षराने लिहितात आणि अध्यायाची ‘सीन’ने; हजच्या यात्रेकरूंमुळे ‘बंदर-ए-मुबारक’ हा किताब मिळवणाऱ्या या शहराच्या मोगली नाण्यांवर ‘सीन’च आहे. तेव्हा ज्याचे नामच रूप असे हे नगर, हा आमच्या वेदान्ती मित्रांचा मोहक श्लेष सोडावाच लागतो. शिवाय सूर्य घ्या की सूरत, उकार दोहोंतही दीर्घ, आणि मराठी व गुजराती मात्र तो ऱ्हस्व लिहितात! (संस्कृत ‘सुरत’ शब्दाचा अर्थ ज्याने त्याने एकांतात कोशात पाहावा.)

शब्दार्थसंबंध जैमिनी नित्य मानतो, नैयायिक त्याला संकेत म्हणतात. ग्रामनामांपुरता माझा कौल नैयायिकांना आहे. इंग्लंडात ‘एव्हन’ नावाच्या अनेक नद्या आहेत. तिथल्या मूळ ब्रिटन लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘नदी’, पण मागून आलेल्या इंग्रजांनी ते विशेषनाम समजून घेतले, आणि शतकानुशतके ‘नदी नदी’ म्हणत राहूनही त्यांचे काही अडले नाही. मात्र संकेत म्हणजे लबाडी नव्हे. श्रद्धा व्युत्पत्तीच्या सनदेवर उभी नसते, नित्य उच्चाराच्या वहिवाटीवर उभी असते. आणि वहिवाटीने हक्क शाबीत होतो, हे कोणताही जुना कुळकर्णी सांगेल.

तापीच्या उगमाचे मुलताई हे नाव ‘मूलतापी’चेच झिजलेले रूप. तिथून निघून खानदेशातून उतरणाऱ्या त्याच प्रवाहाच्या वाटेने, यंत्रमागांच्या ओढीने उधना-लिंबायतीत येऊन राहिलेल्या खानदेशी माणसाला मलिक गोपी ठाऊक नसतो, सीन-स्वादाचा वादही नसतो; पुलावरून जाताना तो हात जोडतो आणि ‘तापी माय’ म्हणतो.