राजानं प्यालेल्या चहाचं काय करायचं?



राजा चांगला होता म्हणून त्याच्या वाड्यापुढं वाकावं का? प्रश्न जुनाट वाटेल. राजेरजवाडे गेले, १९७१ सालच्या घटनादुरुस्तीनं त्यांचे तनखेसुद्धा गेले, आता हे मढं कशाला उकरायचं, असं तुम्ही म्हणाल. पण आम्ही घोडनदीची आणि दौंडची पंचवीस-तीस माणसं कोल्हापूर बघायला गेलो आणि हा वाद तिथं रंकाळ्याच्या काठावर उभा राहिला. परतीच्या गाडीतही मिटला नाही. म्हणून लिहितोय.

कोल्हापूर म्हणजे तळ्याचं आणि राजवाड्यांचं गाव. जुना राजवाडा भवानी मंडपाला लागून. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या सालांतला. मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रजानं त्याचा नकाशा काढला. काळा दगड, उंच मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. रंकाळ्याच्या काठाला शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला. पुढं त्याचं हॉटेल झालं, तेही बंद पडलं. नव्या राजवाड्यातल्या म्युझियममध्ये शिकार केलेली जनावरं पेंढा भरून मांडलीत. ज्यांच्या आजा-पणजांनी मेलेली ढोरं ओढली, त्यांना मेलेल्या जनावराची ही बडदास्त बघून जरा हसू येतं.

आणि रंकाळा. संध्याकाळी लोक कठड्यावर बसून भेळ खातात, पोरं पाण्यात खडे मारतात. कुणी कुणाला जात विचारत नाही. तळं म्हटलं की दुसऱ्याला होडी आठवत असेल, आम्हाला २० मार्च १९२७ आठवतो. महाडला ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. तेव्हा पाणी बघून नुसतं ‘काय सुंदर!’ म्हणणं आपल्याला जमत नाही. जमायलाही नको.

पण सुंदर आहे, हेही खरं. नवा राजवाडा बघताना आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “बांधला कुणी, त्याचं नाव कुठाय?” मँटचं नाव सापडतं. राजाचं सापडतं. दगड फोडणाऱ्याचं, डोक्यावर चुन्याचं घमेलं घेऊन परातीवर चढणाऱ्या बाईचं सापडत नाही. त्याच सुमाराला आपल्याकडं काय चाललं होतं? १८७६ चा पाऊस गेला. शिरूर, दौंडपासून सोलापूरपर्यंतचा सगळा कोरडा पट्टा उपाशी पडला. दौंड-मनमाड रेल्वे दुष्काळी काम म्हणून काढली गेली. मुलूख उपाशी असताना माती टाकली आणि १८७८ ला गाडी सुरू झाली. सर रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबानं त्या दुष्काळात मजुरीचा हिशोब बसवला होता. धट्ट्याकट्ट्या माणसाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे. तिकडं राजवाड्याचा पाया भरत होता, इकडं रुळाखालचा भराव. दौंडच्या फलाटावर उभं राहून आपण मनमाडची गाडी बघतो तेव्हा आपणही एका वाड्यासमोरच उभे असतो. फक्त त्याला मनोरा नाही, आणि तिकीट काढून बघायला कुणी येत नाही.

तर नव्या राजवाड्याच्या दारात आमच्यातले एक म्हातारे, रेल्वेतून रिटायर झालेले, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते थांबले. चपला काढल्या. वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मागं उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोराचं टाळकं सरकलं. “तात्या, बाबासाहेबांनी तुम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं आन् तुम्ही राजाच्या उंबऱ्याला शिवताय? सरंजामदार तो सरंजामदार!” तात्या एवढंच म्हणाले, “पोरा, त्यानं आपल्या माणसाच्या हातचा चहा पिलाय.”

इथून पेटलं.

पोराची बाजू हलकी समजू नका. राजाचा हुकूम म्हणजे राजाची मर्जी. आज मर्जी आहे म्हणून पन्नास टक्के जागा, उद्या मर्जी फिरली तर? मर्जीवर मिळालेल्या वस्तूला उपकार म्हणतात, हक्क म्हणत नाहीत. आणि उपकाराचं ओझं पिढ्यान् पिढ्या उतरत नाही. आपल्या लोकांना लाचार ठेवायचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात गोड उपाय आहे. गावच्या पाटलानं शिळी भाकर दिली तरी म्हातारी म्हणायची, “पाटील लई चांगला.” तिनं वर्षभर राबून दिलं त्याचा हिशोब कुणी मांडला नाही, भाकर मात्र ध्यानात राहिली.

पण ह्या पोराला मी एक हिशोब विचारला. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ ला महार वतन बंद केलं. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. आता आपल्याकडं बघ. शिरूर-दौंड राजाच्या मुलखात नव्हतं, इंग्रज सरकारच्या मुलखात होतं. कायद्याचं राज्य, कौन्सिल, सगळं होतं. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, ते शेवटी मागं घ्यावं लागलं. महारकी कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे १९१८ आणि १९५८. मधली चाळीस वर्षं आपल्या आज्यानं येसकराची काठी वागवली, तालुक्याचा टपाल-सांगावा घेऊन उन्हातानात पळाला, हाडोळ्याच्या चार बिघ्यांसाठी गावची वेठ केली. चाळीस वर्षांत दोन पिढ्या म्हाताऱ्या होतात. तेव्हा ‘सरंजामदार तो सरंजामदार’ हे म्हणणं पुस्तकात ठीक आहे. काठी ज्याच्या हातात होती त्याला विचारलं असतं तर त्यानं चाळीस वर्षं आधीची मर्जी घेतली असती, आणि त्याला मी लाचार म्हणणार नाही.

आता तो चहा. गंगाराम कांबळे राजाच्या पागेत कामाला. मराठा नोकरांच्या हौदाला शिवला म्हणून त्यांनी त्याला मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर गंगारामनं गाऱ्हाणं घातलं आणि महाराजांनी मारणाऱ्यांना फटके दिले. ही गोष्ट कोल्हापुरात कुणीही सांगतो, आणि सांगताना फटक्यांपाशी आवाज चढवतो. मला गोष्टीचा तो भाग फारसा मोठा वाटत नाही. फटके तर प्रत्येक राजाला मारता येतात. पाठ बदलली, चाबूक तोच राहिला. पुढचं ऐका. महाराजांनी गंगारामला नोकरीतून मोकळं केलं, भांडवल दिलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामनं चहाचं हॉटेल टाकलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? कुणी फिरकेना. मग महाराजांनी फिरायला निघाल्यावर हॉटेलापुढं गाडी थांबवायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही प्यायला लावायचा.

पोरगा म्हणाला, “म्हणजे लोकांनी चहा गंगारामकडं बघून नाही पिला, राजाकडं बघून पिला. ही कसली समता?”

प्रश्न चोख आहे. मी त्यावर खूप विचार केला. पहिला कप लोकांनी भीतीनं पिला असणार, शंका नाही. पण विसाव्या कपाला भीती राहत नाही, सवय राहते, आणि शंभराव्या कपाला माणूस चहा गोड आहे की फिका एवढंच बोलतो. आपला ॲट्रॉसिटीचा कायदा, १९८९ चा, तो तरी दुसरं काय करतो? मनं बदलेपर्यंत थांबला असता तर कायद्याची गरजच नव्हती. माणसाचं मन आधी बदलावं आणि मग हात, हा आग्रह धरणारे बहुधा ज्यांना थांबायला परवडतं ते असतात.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. महाराजांनी गंगारामला पागेतच वरची जागा दिली असती, तर तो आयुष्यभर राजवाड्याच्या अंगणात हात बांधून उभा राहिला असता. खाल्ल्या मिठाला जागला असता. त्याऐवजी त्याला वाड्याबाहेर काढून रस्त्यावर त्याच्या स्वतःच्या दुकानात उभं केलं. राजा दारात आला तो गिऱ्हाईक म्हणून. ज्या मदतीनं मदत करणाऱ्याची गरज कमी होत जाते ती एक जात, आणि जिच्यामुळं दरवेळी त्याच दारात जावं लागतं ती दुसरी. दिसायला दोन्ही सारख्या. दोन्हीकडं हात पुढं केलेला असतो.

माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अठ्ठावीस. महाराज तिथं आले आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळालाय, आता त्याच्या मागं जा. पुढारीपण कुठल्या राजानं असं सोडलेलं मला माहीत नाही. त्याच परिषदेनं महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा असा ठरावही केला. म्हणजे आभार मानायला बाबासाहेब लाजले नाहीत. आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत आयर्लंडच्या ओ’कॉनेलचा दाखला देऊन बजावलं की कृतज्ञतेलाही हद्द आहे, अब्रू गहाण ठेवून ती दाखवता येत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. ठराव आणि इशारा, दोन्ही एकाच माणसाचे. त्यातलं एकच उचलणारे आपल्यात फार झालेत.

म्हणून तात्यांनी उंबऱ्याला हात लावला ते मला पटलं नाही. पण त्यांना हिणवणंही पटलं नाही. उंबरा वाड्याचा होता. चहा भाऊसिंगजी रोडवर झाला होता. तात्यांना नमस्कार करायचाच तर त्या रस्त्याला करायचा होता. मी हे गाडीत त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “रस्त्यावर वाकलो असतो तर लोक म्हणाले असते म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं.” सगळे हसले, पण त्यांनी मुद्दा काही सोडला नाही.

आपल्या तालुक्यांत राजवाडे नाहीत असं समजू नका. कारखान्याची काटा-पावती ज्याच्या शब्दावर हलते, त्याचा बंगला बघा. सकाळी आठला पोर्चमध्ये आपलीच पोरं उभी दिसतील. कुणाला घरकुलाच्या यादीत नाव हवं, कुणाला एमआयडीसीत कंत्राटी काम. काम होतं, नाही असं नाही. मग चौकात फ्लेक्स लागतो, ‘आमचे भाग्यविधाते’, आणि खालच्या कोपऱ्यात निळ्या शर्टातले आपल्या कार्यकर्त्यांचे टिकलीएवढे फोटो. घटनेनं दिलेलं घरकूल भाग्यविधात्यानं दिलं असं छापायला आपणच वर्गणी काढतो.

आता खरी गोष्ट. येत्या १ जानेवारीला आपल्या शिरूरच्या शेजारी, कोरेगाव भीमाच्या पुलापलीकडं, पेरण्याच्या स्तंभाला मानवंदनेला जायचंय. तो स्तंभ इंग्रजांनी बांधला, आपल्या लोकांनी नाही, असं ऐकवणारे दरवर्षी भेटतात. कंपनीची कृतज्ञता आपण करतच नाही. त्या दगडावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यातली बावीस ‘नाक’ लावलेली, आपली. नव्या राजवाड्याच्या एवढ्या दगडांत जे सापडलं नाही ते तिथं कोरलेलं आहे. आपण नावं वाचायला जातो. तर एका पुढाऱ्याचा निरोप आलाय. दौंडहून सहा गाड्या तो देणार, डिझेलसकट. अट काही नाही, फक्त पुढच्या काचेवर त्याचा फोटो.

पोरगा म्हणतो, घ्यायच्या नाहीत. तात्या म्हणतात, म्हातारी माणसं, लेकरं घेऊन बाया येतात, त्यांनी चालत जायचं का? दोघांचंही ऐकलं. शाहू महाराजांनी माणगावला जी परीक्षा स्वतःला लावली ती ह्या पुढाऱ्याला लावून बघितली. पुढच्या वर्षी त्याच्या गाड्यांची गरज कमी व्हावी असं तो काही करतोय का? मला तसं दिसत नाही. मी वर्गणीच्या बाजूनं आहे. एसटीच्या दोन गाड्या ठरवायला माणशी किती पडतील ते काढलंय. ज्याला जमत नाही त्याचं आपण भरू, आणि त्याच्या नावाची पावती फाडू. रविवारी दौंडला बैठक आहे. तात्या येणार आहेत, पोरगाही येणार आहे. तुम्हीही या, आणि पटत नसेल तर तिथं उठून बोला.