आकाशाची सनद

३० ऑगस्ट १९८३ रोजी, आपल्याकडे नुकतेच दुपारचे बारा वाजून गेले असता, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेली होती आणि पावसाने भिजलेल्या काळोखात ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान ज्वाळांचा लोट मागे सोडीत वर चढत होते. स्पेस शटलचे रात्रीचे हे पहिलेच उड्डाण. आणि ते रात्री करावे लागले याचे कारण त्या यानाच्या उदरात ठेवलेला आपला ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह होता, कारण तो इष्ट स्थानी नेऊन सोडावयाचा तर उड्डाणाची वेळ त्याच्या सोयीने धरणे भाग होते. दुसऱ्या दिवशी यानातील पाच जणांच्या चमूने तो आपल्या मार्गाला लावला. आमचा लातूर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत उदगीरच्या आसपासच्या गावांतून, चावडीपुढे किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर, दूरदर्शनच्या संचासमोर जी माणसे दाटीवाटीने बसू लागली, त्यांच्यापर्यंत चित्र आणि शब्द पोचविण्याचे काम याच उपग्रहाने केले, हवामानाची आणि चक्रीवादळांची वार्ता याच उपग्रहाने दिली. तो ज्यांनी अंतराळात सोडला त्या पाच जणांत गायऑन ब्लूफोर्ड हा अंतराळात गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन होता, ही गोष्ट मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक झाली.

या योगायोगाचा अभिमान मिरवावा, एवढ्यासाठी मी तो सांगत नाही. माझ्या मनात वर्षानुवर्षे घोळत आलेला प्रश्न निराळा आहे. व्हिएतनामच्या युद्धात १४४ उड्डाणे केलेला, विमानशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेला हा मनुष्य सर्वार्थाने लायक होता, याविषयी वादच नाही. परंतु अमेरिकेने पहिला मानव अंतराळात धाडला तो १९६१ साली, आणि तेव्हापासूनच्या बावीस वर्षांत त्या राष्ट्रातील कोट्यवधी कृष्णवर्णीयांतून एकही लायक मनुष्य निघाला नसेल, हे कोणाही सुबुद्ध माणसाला पटण्यासारखे आहे काय? क्यूबाच्या आर्नाल्दो तामायो मेंदेस याने, लहानपणी लोकांचे जोडे पुसून पोट भरणाऱ्या त्या अनाथ मुलाने, सोव्हिएत यानातून १९८० सालीच पहिल्या कृष्णवर्णीय अंतराळवीराचा मान मिळविला होता. म्हणजे उणीव माणसांची नव्हती. ती कोठे होती, हे पाहावयाचे तर निवडीची दप्तरे उघडावी लागतात.

एड ड्वाइट हा कॅन्ससमध्ये १९३३ साली जन्मलेला वायुदलातील कप्तान. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कारकिर्दीत, अंतराळवीरांत एक तरी कृष्णवर्णीय असावा असे शासनाच्या वरिष्ठ वर्तुळात वाटू लागले आणि ड्वाइटला एडवर्ड्स तळावरील अंतराळ-वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बोलावणे आले. त्याची छायाचित्रे कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली; शाळाशाळांतून मुले त्याला पत्रे लिहू लागली. तळावरचे चित्र वेगळे होते. त्या विद्यालयाचा प्रमुख चक यीगर हा आपल्याला एकटे पाडण्यास इतर प्रशिक्षणार्थींना उत्तेजन देत असे, असे ड्वाइटने पुढे आत्मचरित्रात लिहिले. यीगरने ते नाकारले. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र खरे, की वायुदलाने त्याच्या नावाची शिफारस केली, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये नासाने चौदा नव्या अंतराळवीरांची यादी जाहीर केली तेव्हा तीत त्याचे नाव नव्हते. पुढच्याच महिन्यात केनेडींची हत्या झाली. १९६६ साली ड्वाइटने वायुदल सोडले. नाना उद्योग केले, आणि अखेर तो शिल्पकार झाला. ज्या इतिहासाने त्याला बाहेर ठेवले, त्याच इतिहासातील गुलामांची, पळून जाऊन स्वतंत्र झालेल्यांची आणि त्यांच्या नेत्यांची स्मारके त्याने अमेरिकेच्या शहराशहरांतून उभी केली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कृष्णवर्णीयांस मनाई आहे, असा लेखी हुकूम नासाच्या कोणत्याही दप्तरात नव्हता. नियम वर्णनिरपेक्षच होता: उमेदवार जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असावा, अभियांत्रिकीचा किंवा शास्त्राचा पदवीधर असावा, अमुक इतके तास त्याने उड्डाण केलेले असावे. परंतु अमेरिकेच्या सैन्यातील वर्णभेद रद्द करण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तोच मुळी १९४८ साली, म्हणजे आमचा मुलूख निजामाच्या अंमलातून ज्या वर्षी मुक्त झाला त्या वर्षी. चाचणी-वैमानिकांच्या विद्यालयात त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत किती कृष्णवर्णीय पोचले असतील? जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घ्यावयाच्या आणि वरचा दरवाजा सर्वांना उघडा आहे असे गंभीरपणे सांगावयाचे, ही रीत मराठवाड्यातील वाचकास नव्याने समजावून द्यावी लागेल असे मला वाटत नाही. ‘विज्ञानाला जात नसते’ असे आपल्याकडील सज्जन माणसे मोठ्या निष्ठेने म्हणतात, आणि विज्ञानाच्या सिद्धांतांपुरते ते खरेही आहे. पण प्रयोगशाळेला दार असते, दारावर माणूस असतो, निवड समिती असते आणि तिच्यापुढे कोणाचा अर्ज ठेवावा हे ठरविणारा एक कारकूनही असतो.

ड्वाइटनंतर रॉबर्ट लॉरेन्स. शिकागोचा हा तरुण भौतिक रसायनशास्त्राचा डॉक्टर होता आणि निष्णात वैमानिकही होता. जून १९६७ मध्ये वायुदलाने आपल्या अंतराळ-प्रयोगशाळेच्या योजनेसाठी त्याची निवड केली; त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरला, एका सहकाऱ्याला तीव्र उताराने विमान उतरविण्याचे शिक्षण देत असता झालेल्या अपघातात, मागच्या आसनावर बसलेल्या लॉरेन्सचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. ती योजना १९६९ साली गुंडाळली गेली आणि तीतील तरुण वैमानिक नासाकडे वर्ग झाले. लॉरेन्स हयात असता तर शटलच्या पहिल्या काळात तोही उडाला असता, असा तर्क करण्यास जागा आहे. परंतु अंतराळकार्यात प्राण वेचलेल्यांची नावे केनेडी अंतराळ केंद्रातील ज्या स्मारकशिलेवर कोरली आहेत, तीवर त्याचे नाव येण्यास ८ डिसेंबर १९९७ हा दिवस उजाडावा लागला. मृत्यूनंतरही तीस वर्षे त्याचा अर्ज जणू प्रलंबितच राहिला.

आमच्या उदगीरकरांना या कथेकडे पाहण्याची एक खास जागा इतिहासाने दिलेली आहे. १६३६ साली शाहजहानचा सेनापती खान दौरान याने उदगीरच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा तो किल्ला सुमारे तीन महिने लढविणारा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हा हबशी होता. किल्ला स्वाधीन केल्यावर मोगलांनी त्याला आपल्या चाकरीत घेऊन ‘हबश खान’ हा किताब आणि मनसब दिली. त्याच्या आधीच्या पिढीत, इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना वर्षानुवर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर थोपविले, पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झालेले खडकी हे शहर १६१० साली वसविले, तेथे नहरीचे पाणी खेळविले आणि जमीन महसुलाची अशी व्यवस्था लावली की तिची वाखाणणी पुढे शतकानुशतके होत राहिली. आफ्रिकेतून आलेला माणूस सत्तेच्या शिखरावर चढू शकतो, हे दख्खनला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते, असे आपण अभिमानाने म्हणू शकतो. पण मग त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे, की मलिक अंबरच्या उत्कर्षाने गुलामांचा बाजार बंद झाला नाही. दरबार एखाद्यास उचलतो तो आपल्या गरजेने आणि आपल्या मर्जीने. किताब त्या एकट्याला मिळतो, त्याच्या मागे बेड्यांत उभ्या असलेल्या हजारोंना त्याचा काडीमात्र उपयोग होत नाही. केनेडींच्या दरबारी ड्वाइटची जी निवड झाली तिचे स्वरूपही काहीसे असेच होते, आणि म्हणूनच मर्जी पातळ होताच तीही विरून गेली.

मर्जीच्या जागी नियम यावयास १९७८ साल उजाडले, आणि ते आपोआप उजाडले नाही. नासातील समान संधीच्या कामाची जबाबदारी असलेल्या रूथ बेट्स हॅरिस या कृष्णवर्णीय बाईंनी १९७३ साली वरिष्ठांना एक अहवाल दिला आणि ही सारी योजना जवळजवळ पूर्णपणे फसली आहे असे त्यात निःसंदिग्धपणे लिहिले. नासाने आजवर अंतराळात पाठविलेल्या माद्या म्हणजे दोन कोळी आणि एक माकडीण, हेही त्यांनी त्यात नोंदविले. त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. गवगवा झाला, कायदेमंडळात चौकशी झाली, आणि पुढल्या वर्षी त्यांना परत घ्यावे लागले. शटलच्या युगात वैमानिकांखेरीज शास्त्रज्ञांसाठीही जागा निर्माण झाल्या, आणि १९७८ मध्ये निवडलेल्या पस्तीस जणांत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय होते: ब्लूफोर्ड, फ्रेड ग्रेगरी आणि रोनाल्ड मॅकनेअर.

मॅकनेअरविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. दक्षिण कॅरोलिनातील लेक सिटी या लहानशा गावी १९५९ साली नऊ वर्षांचा हा मुलगा एकटाच चालत सार्वजनिक ग्रंथालयात गेला, विज्ञानाची पुस्तके निवडून त्याने ती टेबलावर ठेवली. ग्रंथपाल बाईंनी सांगितले, की येथून काळ्यांना पुस्तके मिळत नाहीत. मुलगा रडला नाही, भांडला नाही. तो उडी मारून टेबलावर चढून बसला आणि पाय हालवीत वाट पाहू लागला. बाईंनी पोलिसांना बोलाविले, त्याच्या आईला बोलाविले. दोन शिपाई आले. टेबलावर बसलेला एवढासा मुलगा पाहून त्यांपैकी एक म्हणाला, की देऊन का टाकीत नाही ती पुस्तके? आईने पुस्तके परत येतील अशी हमी दिली, पुस्तके मिळाली, आणि आईने आठवण करून दिल्यावर मुलाने बाईंचे आभारही मानले. त्याच्या भावाने सांगितलेली ही हकीकत मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा माझे लक्ष त्या मुलाच्या धैर्यापेक्षाही त्या टेबलाकडे जाते. अंतराळाचा मार्ग प्रक्षेपणाच्या तळावरून जातो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो अशा एका टेबलावरून जातो, जेथे पुस्तकावर शिक्का मारावयाचा की नाही हे कोणीतरी ठरवीत असते. मॅकनेअर पुढे एमआयटीचा डॉक्टर झाला, लेसरशास्त्रात त्याने नाव मिळविले, १९८४ साली अंतराळात जाऊन सॅक्सोफोन वाजविला, आणि २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’च्या स्फोटात सहा सहकाऱ्यांसह मृत्यू पावला. ज्या इमारतीत त्याला पुस्तके नाकारली गेली, तिला आज त्याचेच नाव आहे.

हा सारा खटाटोप गरिबांच्या भाकरीपुढे व्यर्थ नव्हे काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो क्षुल्लक नव्हता. ‘अपोलो-११’च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबरनाथी हे खेचरांच्या गाड्या आणि दरिद्री कुटुंबे घेऊन केनेडी केंद्राच्या वेशीवर गेले. नासाचे प्रमुख टॉमस पेन यांनी बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकले, आणि बटण न दाबल्याने दारिद्र्य हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे सांगितले. मला दोघांचेही खरे वाटते. परंतु भाकर आणि आकाश यांतून एकच मागण्याची सक्ती दरिद्री माणसांवरच का असावी, हे मला कधीच उमगलेले नाही.

अमेरिकेतील या लढ्याशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस. बाबासाहेबांनी १९४६ साली तेथील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे नीग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून प्राचार्य म. ना. वानखडे यांनी दलित लेखकांची दृष्टी नीग्रो साहित्याकडे वळविली. आणि आमच्या लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे, जे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांनी ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कविता वाचली, त्यांच्या चळवळीवरून आपल्या चळवळीला नाव घेतले. त्यांच्या वैज्ञानिकांकडे मात्र आपले लक्ष गेले नाही, ही उणीव मला सलते, कारण वेदनेइतकीच विद्याही त्यांनी झगडून मिळविलेली आहे.

१९८९ साली ग्रेगरी यानाचा कप्तान झाला, १९९२ मध्ये डॉ. मे जेमिसन ही अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नौदलाच्या विद्यालयात प्रवेशासाठी ज्या चार्ल्स बोल्डनची शिफारस करण्यास त्याच्या स्वतःच्या राज्यातील लोकप्रतिनिधींनी नकार दिला होता आणि शेवटी शिकागोच्या एका कृष्णवर्णीय प्रतिनिधीने केली, तो २००९ साली नासाचा प्रमुख झाला. कल्पना चावलासमवेत २००३ साली ‘कोलंबिया’त ज्यांचे प्राण गेले त्यांत मायकेल अँडरसन हा कृष्णवर्णीय अंतराळवीर होता, आपण कल्पनाचे नाव घेतो तेव्हा त्याचेही घ्यावे. २०२३ साली चंद्राभोवती जाणाऱ्या मोहिमेसाठी व्हिक्टर ग्लोव्हरची नेमणूक जाहीर झाली.

आणि १९ मे २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एड ड्वाइट एका खाजगी कंपनीच्या यानातून अंतराळाच्या सीमेपार जाऊन सुमारे दहा मिनिटांत परत आला. एका जुन्या अन्यायाचे परिमार्जन झाले, असे त्या दिवशी अनेकांनी म्हटले. त्या वृद्धाच्या आनंदात मी मनापासून सहभागी आहे. पण परिमार्जन हा शब्द मला मान्य नाही. १९६३ साली ज्या खात्याने त्याला वगळले त्या खात्याने त्याला १९६३ सालीच घ्यावयास हवे होते, आणि ते त्याने केले नाही.